चोवीस वर्षं न झालेलं प्रभुभोजन

ती माणसं मला पहिल्या रविवारपासून आवडली नाहीत. त्यांनाही मी आवडलो नाही. फरक एवढाच की माझं तोंडावर दिसायचं आणि त्यांचं हसण्यामागे असायचं.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामावर आलो, वर्क व्हिसावर, तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. कंपनीच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहायचो. बाकीचे तिघं पुण्याचे. मी करमाळ्याचा, ह्याची ते मला दिवसातून एकदा तरी आठवण करून द्यायचे. मी नकला करतो. शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून छड्या खाल्ल्या, मग छड्या मारतानाच्या हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून परत खाल्ल्या. फ्लॅटमध्ये मी ह्या तिघांच्या आया फोनवर कशा बोलतात ते करून दाखवायचो. तिघंही लोळायचे हसून. मग एका आठवड्यात एकाची आई खरंच हॉस्पिटलात होती, ते मला माहीत नव्हतं, आणि मी नेमकी तिचीच केली. शनिवारी माझी बॅग पॅसेजमध्ये.

"तुला ना, एखाद्या बहिऱ्या माणसाकडे पेईंग गेस्ट म्हणून ठेवलं पाहिजे," त्यांच्यातला एक म्हणाला. तो बाकी दोघांपेक्षा बरा होता, बॅग उचलून खाली तरी आणली.

लायब्ररीच्या बोर्डावर एक चिठ्ठी होती. खोली भाड्याने, शांत घर, बस स्टॉपजवळ. गेलो. दार उघडलं ते अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी. पाठ ताठ, केस पांढरे, कान शाबूत. त्यांनी मला खोली दाखवली, हीटिंगचं बटण दाखवलं आणि म्हणाल्या, "रविवारी सकाळी मी चर्चला असते. यायची सक्ती नाही. जेवण मात्र तिथेच असतं."

मी जेवणासाठी गेलो. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तिथं जाऊन बाटलास काय रे?"

"अगं, जेवायला जातो नुसता."

"देवळात महाप्रसादाला जातात तसं?"

"तसंच."

"मग ताटात टाकू नको काही. आणि पहिल्यांदा वाढून झालं की उठू नको, अजून वाढतात."

चर्च म्हणजे मला वाटलं होतं मनोरा, रंगीत काचा, घंटा. हे निघालं एका बंद पडलेल्या कार्पेटच्या दुकानाचा वरचा मजला. पंधरा-वीस खुर्च्या गोलात मांडलेल्या, माणसं दहा. मी धरून अकरा. पाद्री नाही. बाजाची पेटी नाही, ऑर्गन नाही. दर रविवारी एक जण बोलणार, बाकीचे ऐकणार, आणि मग सगळे गाणार. ते गाणं मात्र खरं. दहा म्हातारी माणसं, त्यातल्या दोघांना धड उभं राहता यायचं नाही, पण चार वेगवेगळ्या सुरांत अशी गायची की जिन्यावरची कार्पेटची धूळ हलायची. मी नकलाकार आहे, मला आवाज कळतो. त्या गाण्याची नक्कल मला कधी जमली नाही. ते सोडलं तर बाकी सगळ्याची जमली.

त्यांना मेनोनाइट म्हणतात. युद्ध करायचं नाही, सैन्यात जायचं नाही, कोर्टातसुद्धा शपथ घ्यायची नाही, कारण रोजच खरं बोलायचं असतं, मग शपथ कशाला. बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतःच्या अकलेने. अमेरिकेत ह्यांचे काही भाऊबंद अजून घोडागाडीतून फिरतात, हे आपले जुन्या गाड्यांतून आणि बसच्या फ्री पासवर यायचे. आणि कुठलाही निर्णय मतदानाने नाही. सगळ्यांचं पटेपर्यंत बसायचं. एकाचं जरी पटलं नाही तरी निर्णय नाही. चहाच्या किटलीबद्दल तीन रविवार चर्चा झालेली मी स्वतः पाहिली आहे.

आता, जी माणसं हात उचलत नाहीत, आवाज चढवत नाहीत, शिवी देत नाहीत, ती भांडत नाहीत असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. आमच्या गल्लीत भांडण झालं की नळावर तासाभरात संपायचं, दुपारी त्याच दोघी पापड लाटायला एकत्र. इथे भांडण लोणच्यासारखं मुरवायचे. "माझ्या मनात एक चिंता आहे" असं कुणी म्हणालं की समजायचं, आता कुणाला तरी गाडणार. "मला तुझं ऐकू येतंय" म्हणजे तुझं मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.

ह्यात वरचा नंबर एका रिटायर्ड शाळामास्तरचा होता. ऐंशीच्या आसपास, उंच, पांढरी दाढी. मराठीत मी त्याला अहो-जाहो करणार नाही, तोंडावर केलं तेवढं पुरे. बोलण्याआधी तो चष्मा काढायचा, पुसायचा, श्वास घ्यायचा, आणि खोलीतली सगळी हवा त्या श्वासात जायची. मला तो "आपला मुंबईचा मित्र" म्हणायचा. मी दोनदा सांगितलं की मुंबईचा नाही. "मला तुझं ऐकू येतंय," तो म्हणाला, आणि पुढच्या रविवारी परत मुंबईचा.

मास्तर आणि माझ्या घरमालकीण बाई गोलात कायम समोरासमोर बसायचे. एकमेकांशी बोललेलं मी पहिले चार महिने पाहिलं नाही. बशी पुढे करायचे, पण बशीकडे बघून.

मी बाईंना विचारलं. ऑफिसातून आलो की साडेपाचला आम्ही किचनमध्ये चहा प्यायचो, तेव्हा. बाईंनी लपवलं नाही. ह्यांच्यात लपवत नाहीत, हा एक त्रासच आहे.

हे चर्च सुरू झालं सत्तर सालाच्या आसपास. एक कॅनडाचं जोडपं बेघर माणसांच्या हॉस्टेलमध्ये फुकट काम करायला आलं होतं, त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत. बाई, बाईंचे मिस्टर आणि मास्तर पहिल्या सातांतले. खोली पुरेना म्हणून हॉल शोधला, तर मिळाला तो लष्करी कॅडेट्सचा. भिंतीवर बंदुकांच्या भागांचा भला मोठा तक्ता. दर रविवारी बाईंचे मिस्टर स्टुलावर चढून त्यावर चादर टाकायचे आणि दुपारी काढायचे. बाप्तिस्मे म्युनिसिपल स्विमिंग पूलमध्ये, पहाटे, शिट्टीवाला लाइफगार्ड काठावर उभा. हे सांगताना बाई हसायच्या. तिथपर्यंतचा इतिहास हसतच सांगायच्या.

मिस्टर एका कारखान्यात टूलमेकर होते. फॉकलंडच्या युद्धाच्या सुमारास, ब्याऐंशी साली, त्या कारखान्यात सैन्याच्या गाड्यांचे भाग व्हायला लागले. मास्तरला चिंता वाटली. पाच रविवार चर्चा चालली. मिस्टर म्हणाले, मी सोडलं तर जेवणाच्या सुट्टीआधी माझ्या मशीनवर दुसरा उभा राहील. मास्तर म्हणाला, मला तुझं ऐकू येतंय. शेवटी सगळ्यांचं पटलं की अशी नोकरी करणारा माणूस सभासद राहू शकत नाही. सगळ्यांचं, म्हणजे बाई सोडून. बाईंना सांगण्यात आलं, तू पत्नी आहेस, तू बाजूला थांबलीस तर बरं. बाजूला थांबणं म्हणजे मला पटत नाही पण मी अडवत नाही.

"आणि तुम्ही थांबलात?"

"थांबले."

"का?"

"मला वाटलं ते समजूतदारपणाचं आहे."

मिस्टर परत कधी आत आले नाहीत. पण दर रविवारी बाईंना गाडीने दारापर्यंत सोडायचे आणि दोन तास बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचे. काचेवर वाफ धरायची. असं नऊ वर्षं, वारेपर्यंत. आणि चर्चच्या कागदांत त्यांच्याबद्दल एकच वाक्य होतं, मास्तरच्या अक्षरात. 'एका बंधूने वेगळा मार्ग निवडला.'

"मग तुम्ही चर्च का नाही सोडलं?"

"सोडलं असतं तर माझ्याबद्दलही लिहिलं असतं. एका भगिनीने वेगळा मार्ग निवडला."

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक ज्याला प्रभुभोजन म्हणतात, भाकर मोडून सगळ्यांनी थोडी थोडी खायची, ते घेण्याआधी ह्या मंडळींत एक प्रश्न विचारतात. गोलात बसलेल्या प्रत्येकाला, एकेकाला. ह्या खोलीतल्या सगळ्यांशी तुझी शांती आहे का? हो किंवा नाही. एकाने जरी नाही म्हटलं तरी त्या दिवशी भाकर मोडायची नाही. मिस्टरांना काढल्यानंतर पहिल्यांदा विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, नाही. पुढच्या वेळी, नाही. त्याच्या पुढच्या वेळी, नाही. कुणी त्यांना गप्प बस म्हणालं नाही, कुणी प्रश्न वगळला नाही, आणि बाई एकदाही खोटं बोलल्या नाहीत. असं चोवीस वर्षं. बाकीचे गुपचूप पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन प्रभुभोजन घेऊन यायचे. बाई गेल्या नाहीत.

मी कप ठेवला. मला खरंच कळेना हसावं की काय करावं. "चोवीस वर्षं तुम्ही सगळ्यांना उपाशी ठेवलंय?"

"मी नाही. मास्तरने," बाई म्हणाल्या.

मी जायला लागलो त्या वर्षी दुकानाची इमारत विकली गेली. नवीन जागा शोधायची ताकद कुणात नव्हती. सगळ्यांचं पटलं, एकदाच आणि पटकन, की जूनच्या शेवटच्या रविवारी चर्च बंद करायचं. त्या दिवशी एक छोटी पुस्तिका वाटायची, चर्चचा इतिहास. आणि तो प्रश्न शेवटचा विचारायचा.

बाईंना ती भाकर हवी होती. तिथेच, त्याच माणसांबरोबर, बंद व्हायच्या आत. आणि त्यासाठी त्यांना पुस्तिकेत मिस्टरांबद्दल खरं वाक्य हवं होतं. ते छापलं तर त्या खरेपणाने हो म्हणू शकणार होत्या. एवढंच त्यांचं मागणं, आणि एवढंच मास्तर देत नव्हता.

पुस्तिका टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, कारण लॅपटॉप माझा. बाई हाताने लिहायच्या, मी टाइप करून मास्तरला पोस्टाने पाठवायचो, तो लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवायचा. ई-मेल त्याला चालत नसे. चादरीचा किस्सा त्याने ठेवला, स्विमिंग पूल ठेवला. बाईंच्या वाक्यावर दर वेळी लाल रेघ आणि समासात ते जुनंच वाक्य, 'एका बंधूने वेगळा मार्ग निवडला.' बाई परत लिहायच्या. मी परत टाइप करायचो. सहा खर्डे झाले. मी सगळ्या ऑफिसला मास्तरची नक्कल करून दाखवायला लागलो, चष्मा, श्वास, सगळं.

"काय पाद्रीबुवा, आज काय चिंता?" तो बॅग उचलणारा पुणेकर विचारायचा.

"मला तुझं ऐकू येतंय," मी म्हणायचो. तो हसायचा. मग एक दिवस त्याने विचारलं, "पण तू करमाळ्याचा असून त्या लोकांचं एवढं का मनावर घेतोस?" मी उत्तरादाखल त्याचीच नक्कल केली. तो उठून गेला.

चूक माझी अशी झाली की मी चर्चमध्येच, चहाच्या भांड्यापाशी, कप विसळणाऱ्या एका आजोबांना मास्तर करून दाखवला. आजोबा हसले. नंतर त्यांना वाटलं हे आपण हसायला नको होतं, आणि त्यांनी जाऊन मास्तरला सगळं सांगितलं. प्रेमाने. ह्यांच्यात असंच असतं.

पुढच्या रविवारी जेवणाच्या टेबलापाशी मास्तर उभा राहिला. चष्मा पुसला.

"आपल्या तरुण मित्राला माझी नक्कल चांगली येते असं कळलं," तो म्हणाला. "मला बघायला आवडेल. सगळ्यांनाच आवडेल."

मी म्हणालो, नको, गंमत होती.

"कर ना."

दहा माणसं माझ्याकडे बघत होती. मी उभा राहिलो. चष्मा काढल्यासारखं केलं, श्वास घेतला, "माझ्या मनात एक चिंता आहे" म्हणालो. हुबेहूब झालं. कुणी हसलं नाही. कुणाचा तरी काटा बशीवर वाजला.

"आभारी आहे," मास्तर म्हणाला. "आता स्वतःची कर."

"म्हणजे?"

"तू कसा बोलतोस ते करून दाखव. चार महिने मी ऐकतोय, मला अजून कळलेलं नाही."

मी उभाच. काय बोलणार होतो? तोंड उघडलं तर जे निघेल ते कुणाचं तरीच निघेल, असं वाटलं. बाईंनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पुरे." त्या दोघांमध्ये माझ्यादेखत झालेलं ते पहिलं बोलणं.

"मला तुझं ऐकू येतंय," मास्तर म्हणाला आणि बटाट्याचं सॅलड माझ्याकडे सरकवलं.

त्या दिवसापासून मी त्याचा द्वेष करायला लागलो. साधासुधा नाही. रोज साडेपाचला किचनमध्ये बसून मी त्याचा उद्धार करायचो. म्हातारा मेला पाहिजे, जिन्यावरून पडला पाहिजे, देवाच्या दारात त्याला कुणीतरी स्वतःची नक्कल कर म्हणालं पाहिजे. इंग्रजीत जेवढं जमेल तेवढं इंग्रजीत, पुढचं मराठीत. बाई ऐकायच्या. कधी म्हणाल्या नाहीत की असं बोलू नये. मला वाटलं आपण दोघं एका पार्टीचे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सातव्या खर्ड्यानंतर, मास्तर घरी आला. बेल वाजली, मी दार उघडलं तर हा, हातात टोपी. बाईंनी त्याला किचनमध्ये बसवलं, मला म्हणाल्या लॅपटॉप घेऊन इथेच बस. चहा विचारला नाही. पाणीसुद्धा नाही. आमच्याकडे वसुलीवाल्यालाही पाणी विचारतात.

"चोवीस वर्षं मी वाट बघितली की तू येशील," मास्तर म्हणाला. "ज्याचं दुखलं त्याने दुखावणाऱ्याकडे एकट्याने जावं. येशूने तसं सांगितलंय."

"येशूने असंही सांगितलंय की आपल्यामुळे कुणी दुखावलंय असं आठवलं तर आधी उठून त्याच्याकडे जावं," बाई म्हणाल्या. "मी त्याची वाट बघत होते."

मी स्क्रीनकडे बघत होतो. चोवीस वर्षं दोघंही धर्माप्रमाणे बसून होते. दोघांनाही नियम पाठ, आणि दोघांच्याही नियमात दुसऱ्याने बस पकडायची होती.

मग मास्तरने सांगितलं आणि मी टाइप केलं. 'आम्ही आमच्या एका बंधूला बाहेर काढलं. ते चूक होतं.' त्याचा आवाज सपाट होता, दात काढून घेताना असतो तसा.

"झालं?" त्याने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पुढे लिही. 'त्याची पत्नी त्या खोलीत होती आणि तिने अडवलं नाही.'"

"ते लिहायची गरज नाही," मास्तर म्हणाला.

"तुझ्या वाक्याचीही तुला गरज वाटत नव्हती."

मी टाइप केलं. मास्तरने टोपी घातली. दारात तो मला म्हणाला, "दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम हवा." मी दार जरा जोरातच लावलं.

शेवटच्या रविवारी बाई सकाळी सहाला उठून भाकर भाजत होत्या. ब्रेड हो, गोल, जाड. घरभर वास. मी खाली आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आज आलास तर तुलाही विचारतील. सभासद नसलास तरी, गोलात बसला त्याला विचारतात. तुला नको असेल तर घरी थांब. मला वाईट वाटणार नाही."

मी म्हणालो, "छे, येतो की." चोवीस वर्षांनी होणारी गोष्ट बघायची होती. आणि जेवणही होतंच.

पुस्तिका वाटल्या. सगळ्यांनी ते पान वाचलं, एका आजींनी नाक पुसलं. गाणं झालं. मग प्रश्न विचारायला लागले, माझ्या उजवीकडून सुरुवात. ते कप विसळणारे आजोबा, हो. नाक पुसणाऱ्या आजी, हो. समोर मास्तर. त्याने चष्मा काढला नाही, पुसला नाही. "हो," म्हणाला. असं फिरत फिरत बाईंपर्यंत आलं. त्या माझ्या डावीकडे बसल्या होत्या.

"हो," बाई म्हणाल्या.

कुणीतरी इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं खुर्ची मोडली. आणि मग शेवटचा मी. ह्या खोलीतल्या सगळ्यांशी तुझी शांती आहे का?

"हो," मी म्हणालो. सहज. लग्नात कुणी जेवलात का विचारलं की आपण म्हणतो ना, तसं. त्याच्या मागे काही नव्हतं. बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हसलो.

भाकर फिरली. प्रत्येक जण तोडून खात होता आणि पुढे देत होता. बाईंच्या हातात आली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, बराच वेळ, आणि न तोडता माझ्याकडे दिली. मी बाप्तिस्मा न घेतलेला, मी पुढे दिली. उजवीकडच्या आजोबांनी डोळे मिटले होते. बहुतेकांनी मिटलेच होते. मास्तरने नव्हते मिटले. घास त्याच्या तोंडात होता आणि तो चावायचा थांबला.

घरी आल्यावर बाईंनी उरलेली भाकर कापडात गुंडाळून ठेवली.

"तुम्ही घेतलं का नाही?" मी विचारलं.

"सगळ्यांशी सगळ्यांची शांती नव्हती."

"तुमची होती की."

"माझी होती. खोलीत नव्हती. तू खोटं बोललास."

"मी? माझा काय संबंध? मी तर धड ख्रिस्तीही नाही."

"तुला विचारलं. तू उत्तर दिलंस."

"अहो, मी गमतीत बोलतो त्याच्याबद्दल."

"गमतीत बोलला असतास तर इथे बसून एकदा तरी हसला असतास."

मला राग आला. "मग तेव्हाच सांगायचं. थांबवायचं सगळं. तुमची सवयच आहे."

हे मी बोललो. बाईंनी ऐकून घेतलं. "नऊ म्हातारी माणसं शेवटचं जेवत होती," त्या म्हणाल्या. "त्यांच्या हातातलं काढून घेऊ? त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. म्हणून मी घेतलं नाही."

"आणि आता?"

"आता काही नाही. चर्च बंद झालं." त्या ओटा पुसत होत्या, पुसलेलाच परत. "मास्तर समजतोय की मी हो म्हणाले ते खोटं होतं."

"मग फोन करून सांगा त्याला."

"खोटं मी बोलले नाही. ते मी सांगायचं नाहीये."

पुढचे नऊ दिवस आम्ही साडेपाचचा चहा घेतला, गप्प. त्या रागावलेल्या नव्हत्या, तेच वाईट. मी सगळ्यांच्या नकला आठवून बघितल्या, एकही कामाची नव्हती. दहाव्या दिवशी ऑफिसातून लवकर सुटलो आणि मास्तरच्या घरी गेलो. तो मागच्या अंगणात घेवड्याच्या वेलांना काठ्या बांधत होता. मला बघून हातातली दोरी खाली ठेवली नाही.

"बाई खोटं बोलल्या नाहीत," मी म्हणालो. "मी बोललो. मी हो म्हणालो तेव्हा माझी तुमच्याशी शांती नव्हती. त्यांना ते माहीत होतं, म्हणून त्यांनी भाकर घेतली नाही."

त्याने गाठ पूर्ण मारली. "अजून नाही?"

"नाही."

"बरं." दुसरी काठी रोवली. "माझीही तुझ्याशी नव्हती. मीही हो म्हणालो."

मी कुंपणाला टेकलो.

"तू मला पहिल्यापासून आवडला नाहीस," तो म्हणाला. "तू त्या टेबलापाशी उभा होतास तेव्हा मला बरं वाटत होतं. ऐंशी वर्षांचा माणूस, आणि मला बरं वाटत होतं. मला वाटलं, हा काही आपल्यातला नाही, हा मोजायचा नाही. चोवीस वर्षांनी ती हो म्हणत होती. तुझ्यापायी मी ते अडवणार नव्हतो."

"आणि आता आवडतो का?"

"नाही," मास्तर म्हणाला. "ती काठी दे."

मी दिली. तेवढंच झालं. त्याने मला आत बोलावलं नाही, मीही गेलो नसतो.

घरी आलो तर बाईंनी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला मी त्याला आवडत नाही. आणि तोही खोटंच हो म्हणाला होता."

बाई खुर्चीवर बसल्या. मला वाटलं त्यांना धक्का बसेल. "ते मला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "तो चष्मा पुसल्याशिवाय खरं बोलत नाही."

"मग तुम्ही भाकर कुणामुळे सोडलीत? माझ्यामुळे की त्याच्यामुळे?"

"एकाचंच असतं तर कदाचित घेतली असती," बाई म्हणाल्या. खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून होतं, मला माहीत नाही. त्या तसं कधी बोलायच्या नाहीत, म्हणून खरंच असावं.

सप्टेंबरमध्ये त्यांनी घर विकलं आणि साउथहॅम्प्टनला भाचीकडे गेल्या. मास्तर निरोपाला आला नाही. खोके मी आणि त्या बॅगवाल्या पुणेकराने उचलले. मीच त्याला बोलावलं, आणि आधी त्याच्या त्या दोस्ताच्या आईबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "मला कशाला सांगतोस, त्याला सांग." अजून सांगायचंय.

बाईंना मी महिन्यातून एकदा फोन करायचो. एकदा विचारलं, तिथे चर्च सापडलं का.

"भरपूर आहेत. भाचीच्या चर्चमध्ये जाते."

"तिथे देतात ना भाकर? दर रविवारी?"

"दर रविवारी."

"मग घेतली का?"

"नाही."

"अहो, पण आता काय अडलंय? तिथे कुणी तुम्हाला विचारणारसुद्धा नाही."

"तिथे माझं कुणाशी भांडणच नाही," बाई म्हणाल्या. "मग मी कशावर हो म्हणू?"